लाल तार काळीच्या जागी

भडक्याने त्या दिवशी गिऱ्हाइकाची कॉलर धरली तेव्हा सकाळचे साडेदहासुद्धा वाजले नव्हते. गिऱ्हाईक म्हणजे केस मागे बांधलेला एक उंच गिटारवाला. नऊ व्होल्टच्या पेडलला त्याने अठराचा अ‍ॅडॅप्टर लावला होता आणि वर तोंड करून सांगत होता की पेडलच मुळात खराब निघालं. भडक्याने त्याला भिंतीला टेकवला, ते जळकं पेडल त्याच्या नाकाखाली धरलं आणि म्हणाला, "हुंग. नीट हुंग. हा तुझ्या अकलेचा वास आहे." मग त्याला सोडलं, कॉलर झटकून सरळ केली आणि सांगितलं, "गुरुवारी ये. नीट होईल."

आता असल्या माणसाकडे कोण कशाला जाईल, असं तुम्हाला वाटेल. पण लोक जायचे. शिव्या खायचे, हात जोडायचे आणि पुन्हा जायचे, कारण गिटारच्या आवाजाच्या त्या डब्या, ज्यांना पेडल म्हणतात, त्या दुरुस्त करणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. कुठली डबी आवाज फाडते, कुठली घुमवते, कुठली एकाचे चार करते. पायाने बटण दाबायचं की आवाज बदलतो. खाली सायकलवाल्याचं दुकान, बाजूने लोखंडी जिना, वर भडक्याची खोली. एक लांब टेबल, टेबलावर दिवा, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या केबली आणि सगळीकडे सोल्डरिंगच्या धुराचा वास.

भडका हे त्याचं नाव नव्हतंच, पण खरं नाव आता बहिणीशिवाय कोणी घेत नव्हतं. राग नाकावर नव्हे, जिभेच्या टोकावर. आणि हा माणूस मुका असता तर जगातला सगळ्यात चांगला माणूस ठरला असता, असं सायकलवाला म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

नवीन पेडल कुठलं घेऊ असं कोणी विचारलं की तो उलट विचारायचा, "कुठलं गाणं वाजवताना काय कमी पडतं ते सांग." सांगता आलं नाही तर म्हणायचा, "मग काही घेऊ नकोस. घरी जा, बोटं चालव." दहा पेडलं एकाच अ‍ॅडॅप्टरला लटकवणाऱ्यांवर त्याचा खास राग. एकाला सर्दी झाली की दहाही शिंकतात, म्हणायचा. घूं घूं आवाज येतोय म्हणून कोणी पेडलं बसवलेला अख्खा पाट उचलून आणला की तो पेडलांची साखळी मधोमध तोडायचा. अर्धी बाजूला. गेला आवाज? मग चोर त्या अर्ध्यात. पुन्हा त्याचं अर्धं. पाच मिनिटांत चोर हातात यायचा, आणि मग चोराच्या मालकाचा जो पाणउतारा व्हायचा तो जिन्याखालीही ऐकू जायचा.

पण सगळ्यात जास्त तळपायाची आग मस्तकात जायची ती उलट्या विजेने. घरातल्या बहुतेक वस्तूंच्या अ‍ॅडॅप्टरला आतला खिळा धन असतो आणि बाहेरची कडी ऋण. पेडलवाल्यांनी नेमकं उलटं करून ठेवलंय, का ते त्यांनाच ठाऊक. भलताच अ‍ॅडॅप्टर खुपसला की वीज उलटी शिरते. म्हणून आत दाराशीच एक शेंगदाण्याएवढासुद्धा नसलेला डायोड बसवलेला असतो. उलटी वीज आली की तो सगळा मार आपल्या अंगावर घेतो आणि जळून जातो. बाकीची डबी वाचते. नवा डायोड लावला की काम झालं.

हे सगळं भडका शिकला तो बापाकडून आणि ताईकडून. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, आणि हात त्याचा असा की रेडिओवर पडला तर रेडिओ बोलायला लागायचा आणि पोरांवर पडला तर पोरं मुकी व्हायची. पट्टा नाही, काठी नाही. दुकानातली जाड दुपदरी वायर. पाठीवर वळ उठायचे तेही दोन-दोनच्या जोडीने. आई लवकर गेली होती. ताई भडक्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिची शाळा आधी सुटायची, त्यामुळे बापाचा मूड आधी तिला कळायचा.

खिडकीत एक जुना बॅटरीचा रेडिओ उघडा पडलेला असायचा. बाप पिसाळलेला दिसला की ताई त्याच्या दोन तारा अदलाबदल करून ठेवायची. लाल तार काळीच्या जागी, काळी लालच्या. भडका रस्त्यावरून येताना खिडकीत बघायचा. तारा उलट्या दिसल्या की समजायचं, घरात मार चालू आहे. तसाच पुढे निघून जायचा, अंधार पडेपर्यंत फिरायचा. आत बाप रेडिओ लावायला जायचा, तो वाजायचा नाही, आणि विचारायचा, "तारा कोणी उलट्या केल्या?" ताई म्हणायची, "मी." म्हणजे पोराला वाचवण्याचा मार वेगळा आणि त्या तारांचा मार वेगळा, दोन्ही तिनेच खाल्ले. भडका चौदा वर्षांचा होईतो त्याच्या पाठीवर मोजून तीन वेळा वायर पडली. तिच्या पाठीचा हिशेब कोणी ठेवला नाही.

बाप मेल्यावर दोघं मिळून दुकान चालवायला लागली. काम ताईचंच जास्त चांगलं. ती डावरी. तार सर्किटच्या पट्टीला लावण्याआधी तिला एक छोटा आकडा करायची, डावीकडे वळवलेला, मग सोल्डरचा थेंब. तो थेंब ओढूनही निघायचा नाही. भडका चिडवायचा, "ताई, एवढं पक्कं केलंस तर गिऱ्हाईक परत कसं येईल?" ती म्हणायची, "तुझं तोंड ऐकायला येईल ना."

गिऱ्हाइकांतलाच एक पुढे भाऊजी झाला. वाजवायचा छान, यात वाद नाही. दिसायला छान, बोलायला लोणी. पण पेचकस कसा धरतात ते त्याला ठाऊक नव्हतं. कुठलं पेडल घ्यायचं ते ताई ठरवायची, पाट ताई मांडायची, केबली ताई करायची, कार्यक्रमाआधी वीज ताई जोडायची. हा फक्त बटणावर पाय ठेवायचा आणि टाळ्या घ्यायचा. लग्नानंतर ताईचं दुकानात येणं कमी झालं, मग बंद झालं.

एकदा भडका तिच्या घरी गेला होता. पाटावर सहा पेडलं एकाच अ‍ॅडॅप्टरवर बघून त्याचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, ताई असलं करणार नाही, हे भाऊजीचं काम. चार मित्र बसलेले असताना त्याने भाऊजीला असा झाडला की एका मित्राने हसू लपवायला खिडकीबाहेर तोंड काढलं. भाऊजी शांतपणे म्हणाला, "पुन्हा या घराची पायरी चढायची नाही." दारापर्यंत सोडायला आलेल्या ताईनेही हळूच सांगितलं, "काही दिवस येऊ नकोस." भडक्याला ते लागलं. बहिणीने नवऱ्याची बाजू घेतली म्हणून त्याने डोक्यात राख घालून घेतली. जिन्यावरून ओरडला, "ठीक आहे. तू बोलावशील तेव्हाच येईन." शब्दाचा पक्का. सात महिने गेला नाही. फोन केला की भाऊजी उचलायचा. झोपलीय. बाहेर गेलीय. डोकं दुखतंय तिचं.

आणि त्या सात महिन्यांत भाऊजीचं नारिंगी पेडल दुकानात चार वेळा आलं.

भाऊजीला दुसरीकडे जायची सोय नव्हती. इतरांनी हात टेकलेली कामं शेवटी इथेच यायची. पहिल्यांदा भडक्याने उघडलं, डायोड जळलेला. दुकानात तेव्हा तिघं होते. "भाऊजी, उलटी वीज," भडका म्हणाला. "घरात माझी बहीण आहे, तिला विचारायचं होतं. की तेवढंही कमीपणाचं वाटतं?" तिघं हसले. भाऊजीचे कान लाल झाले.

दुसऱ्यांदा दीड महिन्याने. पुन्हा डायोड. या वेळी आतल्या तारासुद्धा उलट्या होत्या, लाल काळीच्या जागी. भडक्याने त्या कापल्या, सरळ केल्या, आणि तोंड सुटलंच. "कुणा भोंदूकडून उघडून घेतलंत? मेहुण्याकडे यायची लाज वाटली, आणि त्याने वाट लावल्यावर आलात होय?" शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. तिसऱ्यांदा तेच, आणि त्या वेळी खोलीत सहा जण. त्या दिवशी भडका इतका बोलला की सायकलवाला वर येऊन म्हणाला, "बास कर, बहिणीचा नवरा आहे." भडका म्हणाला, "म्हणून तर बोलतोय. परका असता तर हाणला असता." त्याला वाटत होतं, आपण खरं बोलतोय. खरं बोलणाऱ्याला हीच एक खोड असते, आपला शब्द दुसऱ्याच्या घरात जाऊन कुणाच्या अंगावर पडतो ते तो बघायला जात नाही.

चौथ्यांदा भाऊजीने पेडल टेबलावर ठेवलं, "संध्याकाळी नेतो" एवढंच म्हणाला आणि भडक्याने मान वर करायच्या आत जिना उतरून गेला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ओरडायला समोर माणूसच नाही, म्हणून भडक्याने पहिल्यांदा नीट बघितलं.

चार स्क्रू काढले. डायोड काळा पडलेला. तारा उलट्या. त्याने शिवी हासडून चिमट्याने लाल तार ओढली. ती निघाली नाही. पुन्हा ओढली. निघेना. मग त्याने दिवा जवळ घेतला, भिंग लावलं. तारेला आकडा होता. छोटा, डावीकडे वळवलेला.

भडक्याने चिमटा खाली ठेवला.

ताईने झोपेतसुद्धा तारा उलट्या लावल्या नसत्या. तिने त्या लावल्या होत्या. आधीच्या दोन वेळाही तिनेच लावल्या असणार, आणि त्याने ते आकडे न बघताच कापून फेकले होते. पहिल्या वेळी तर तारा उलट्या आहेत हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, डायोड बदलला आणि जोडणी तोंड चालवता चालवता सवयीनेच सरळ केली. चार वेळा बहिणीने खिडकीत रेडिओ ठेवला. घरात मार चालू आहे. आणि तो चार वेळा खालून निघून गेला. नुसता निघून गेला असता तरी परवडलं असतं. जाता जाता दारावर दगड मारून गेला.

मग त्याला पेडलचा कोपरा दिसला. जाड लोखंडी कोपरा आत चेपलेला. पडून नाही चेपलेला; पडलं तर रंग खरवडतो. हे कशावर तरी मारलेलं होतं. कोपऱ्याजवळच्या स्क्रूच्या खाचेत तपकिरी काहीतरी वाळलं होतं, आणि त्यात एक लांब केस.

भडका जिना उतरला तो तीन-तीन पायऱ्या टाकत. सायकलवाल्याच्या हातातला हातोडा त्याने विचारून घेतला नाही, नुसता काढून घेतला. सायकलवाला त्याचा चेहरा बघून दुकान तसंच टाकून मागे धावला.

ताईच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. भरदुपारी, आत माणूस असताना. लहानपणी तारा उलट्या दिसल्या की भडका पळायचा. दर वेळी पळाला होता. तिसऱ्या घावाला कडी कोयंड्यासकट निखळली.

ताई टेबलाशी बसून केबल जोडत होती. चेहऱ्याची डावी बाजू सुजून डोळा बुजला होता. डाव्या कानात कापूस, कापसाला पिवळट-तांबडा डाग. मनगटावर बोटांचे ठसे, जुने पिवळे आणि त्यावर नवे निळे. तिने मान वर केली आणि म्हणाली, "किती वेळ लावलास रे."

भडक्याने हातोडा खाली ठेवला.

"चिठ्ठी तरी घालायचीस आत," तो म्हणाला.

"बॅटरी तो स्वतः बदलतो. चिठ्ठी दिसली असती. तारा त्याला कळत नाहीत." तिने हातातली केबल बाजूला ठेवली. "वीज मी जोडते ना. पेडल जळलं की माझ्याकडूनच जळलं. ते ठाऊक होतं मला. तेवढा मार खाऊनच पाठवायचे."

तेवढ्यात भाऊजी आला. निखळलेली कडी बघून तो जिन्यातूनच ओरडत आला, दारात सायकलवाल्याला ढकललं, आणि भडक्याला बघताच कोपऱ्यातली गिटार मानेला धरून उचलली. पहिला घाव भडक्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ताईलाही ऐकू आला. गिटारचं पोट फुटलं, तारा सुटून लोंबायला लागल्या. दुसरा घाव घालायला त्याने हात उचलला तेव्हा भडका त्याच्या पोटात डोकं घालून घुसला. दोघं पाटावर कोसळले, पेडलं चारी बाजूंना उडाली. भडक्याचा उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताने त्याने जे सापडलं ते उचलून भाऊजीच्या तोंडावर हाणलं. ते एक पेडल होतं. ओठ फाटला, दोन दात फरशीवर पडले. पुन्हा हाणलं. मग पेडल टाकून केबल घेतली, गळ्याभोवती एक वेढा दिला, टोक दातात धरलं आणि दुसरं टोक डाव्या हाताने ओढलं.

भाऊजीचा चेहरा जांभळा झाला. टाचा फरशीवर घासायला लागल्या. सायकलवाला भडक्याला मागून ओढत होता, पण तो हलेना. त्याला मारून टाकायचंच होतं. यात गैरसमज नको. रागाच्या भरात वगैरे काही नाही. त्याने ठरवलं होतं.

ताई उठून समोर आली. तिने केबलला हात लावला नाही. खाली वाकली, आणि ज्या आवाजात ती गिऱ्हाइकाला दोष समजावून सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा तू बोललास तेव्हा त्याने थप्पड मारली. तुझे शब्द म्हणत म्हणत. दुसऱ्यांदा भोंदू म्हणालास, तेव्हा पट्टा. तिसऱ्यांदा सहा जण हसले ना? घरी येऊन त्याने मला पेडल मारलं. कानावर. एक शब्द, एक घाव, असं तुझं सगळं म्हणून दाखवलं. तो मारणाराच आहे, तू नसतास तरी त्याने मारलंच असतं. पण माझ्या कानात शेवटी जे ऐकू आलं ते तुझं बोलणं होतं."

भडक्याच्या दातातून केबल सुटली.

भाऊजी घरघरत कुशीवर वळला. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने भिंतीतला बोर्डाचा खटका बंद केला, सोल्डरिंगची काडी उचलून निवेपर्यंत उभी राहिली, ती फडक्यात गुंडाळली आणि जिना उतरली. तेवढंच तिने त्या घरातून नेलं.

पुढे पोलीस आले, दोघांनाही घेऊन गेले. भडका आठवड्याने सुटला, भाऊजी अजून आत आहे. भडक्याच्या खांद्यात धातूची पट्टी बसवली. हात आता डोक्याच्या वर जात नाही. ताईचा डोळा बरा झाला. डाव्या कानाचा पडदा गेला. डॉक्टर म्हणाले, या बाजूने आता ऐकू येणार नाही.

ताई पुन्हा टेबलाशी बसायला लागली. पहिल्याच दिवशी तिने खुर्च्या लावल्या. आपली उजवीकडे, भडक्याची तिच्या डाव्या हाताला. "तू या बाजूला बस," ती म्हणाली. "म्हणजे तुझं तोंड मला ऐकू येणार नाही." सायकलवाला हसला. भडका हसला नाही, मुकाट्याने बसला.

तो बदलला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परवाच त्याने एकाचा अ‍ॅडॅप्टर जिन्यावरून खाली भिरकावला. पण आता उलटी वीज झालेलं पेडल आलं की तो आधी डबी उघडतो, दिवा जवळ घेतो, तारा बघतो. मग गिऱ्हाइकाला विचारतो, "हे घरी कोण जोडतं?" गिऱ्हाइकाला वाटतं, आता शिव्या येणार. येत नाहीत. "त्यांना एकदा घेऊन या," एवढंच म्हणतो.

आणि आणखी एक गोष्ट. दुकानात कोणी नसलं की हा माणूस, ज्याचा आवाज अख्खी गल्ली ऐकत आली, मान खाली घालून ताईच्या त्या कानाशी हळूच पुटपुटतो. तार धरायला वाकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "ताई, चुकलं माझं." रोज. ती काम करत राहते, तो पुन्हा आपल्या पेडलकडे वळतो. बरेच महिने असं चाललं.

मग एका दुपारी तो वाकला, पुटपुटला आणि सरळ झाला. ताईने सोल्डरचा थेंब टाकला, त्यावर फुंकर मारली, तार ओढून बघितली. पक्की बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझे ओठ दिव्याच्या काचेत दिसतात मला. रोज दिसतात. ऊठ, आणि या बाजूला येऊन बोल."